हीटर लाल झाला का गं?

संपादकांचा फोन आला तेव्हा मी रजईत होते. "हुरडा पार्टीवर काहीतरी फ्रेश हवंय. नगर रोडला जा, दोन दिवस राहा, फोटो झकास आण." जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्रीलान्स पत्रकाराला याहून सुंदर काम मिळणार नाही. शिवाय माझं आजोळ शिरूर तालुक्यातलं. न्हावऱ्यापासून आत, उसाच्या गर्दीत हरवलेली एक वस्ती. म्हणजे राहण्याचा खर्च शून्य, हुरडा घरचा आणि मामीच्या हातची लसणाची चटणी हा बोनस!

हुरडा खाल्ला. फोटोही काढले. पण तुम्ही आत्ता वाचताय तो लेख हुरड्याचा नाही. तो आहे एका म्हाताऱ्या जीपचा आणि पहाटेच्या आठ डिग्रीतल्या पाऊण तासाचा. हुरड्याचं पुढच्या वर्षी बघू.

घोडनदीच्या वाटेवर

पुण्याहून शिरूर सत्तरएक किलोमीटर. खराडी, वाघोलीचा ट्रॅफिक पार केला की अर्धी लढाई जिंकली. कोरेगाव भीमाला उजवीकडे-डावीकडे बघत थोडं हळू जा. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीची एक तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली आणि रात्रभर चालत दुसऱ्या दिवशी सकाळी इथे पोचली. त्या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. आज दर १ जानेवारीला लाखो माणसं जयस्तंभाला मानवंदना द्यायला येतात. मी एसीचा हीटर लावून तेच अंतर उलट्या दिशेने कापत होते. डिसेंबरअखेरची रात्र, पाठीवर ओझं आणि चाळीसेक किलोमीटर पायी... नुसत्या विचाराने मी गाडीची काच वर केली.

पुढे शिक्रापूर, मग अष्टविनायकातला रांजणगावचा महागणपती, त्याला खेटून एमआयडीसी आणि मग शिरूर. जुनी माणसं अजूनही त्याला 'घोडनदी'च म्हणतात. नदीचं नाव घोड, गावाचं नाव घोडनदी, सोपा हिशेब.

शिरूर आणि दौंड हे दोन शेजारी तालुके आपल्याला खरं तर गाडीच्या खिडकीतूनच माहीत असतात. शिरूर म्हणजे नगरला जाताना लागतं ते. दौंड म्हणजे सोलापूरच्या गाडीत चहावाला चढतो ते. मध्ये घोड आणि भीमा, भरपूर ऊस, दौंडच्या बाजूला गुऱ्हाळं आणि हिवाळ्यात पहाटे रस्त्यावर उतरणारं असं धुकं की पुढची ट्रॉली दिसायच्या आधी तिच्यावरचा टेपरेकॉर्डर ऐकू येतो.

'ताई, पप्पांना समजाव'

मामांच्या अंगणातली जीप १९८९ ची. डिझेल. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण यात तिचा काही दोष नाही. छत्तीस वर्षांची झाली की कोणीही पहाटे उठायला कुरकुर करणारच. या जीपने शिरूरच्या बाजारात कांदे नेलेत, माझ्या आईची वरात नेलीय, आणि आमच्या माहितीत तीन बाळंतिणी वेळेवर दवाखान्यात पोचवल्यात. मामांचं म्हणणं, गावात त्यांना ओळखत नसेल पण जीपला सगळे ओळखतात.

मामेभाऊ रांजणगावच्या एका कारखान्यात शिफ्टला आहे. त्याने मला निघायच्या आधीच फोनवर काम सांगितलं होतं. "ताई, तू पत्रकार आहेस, तुझं ऐकतील. जीप भंगारात काढा म्हणावं. आता वीस वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला दहा हजार लागतात."

आकडा खरा होता. १५ वर्षं झालेल्या खासगी चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाला पूर्वी ६०० रुपये पडायचे. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी थेट १०,०००. सरकारचा इशारा स्पष्ट आहे : काका, पुरे आता.

"आणि अजून एक," भाऊ जरा थांबून म्हणाला. "पप्पांना ऐकू कमी येतंय. मान्य करत नाहीत. मागून आलेला हॉर्न त्यांना कळत नाही."

हे मात्र मला माहीत नव्हतं. माझे मामा म्हणजे कानाने गाडी दुरुस्त करणारा माणूस! लहानपणी आम्ही ओसरीत बसून लांबून येणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकायचो आणि मामा सांगायचे, "दोन नंबरचा नोझल गेलाय त्याचा." तीस-पस्तीस वर्षं डिझेल इंजिनाशेजारी कान लावून बसलं की हे ज्ञान मिळतं. आणि त्याच तीस-पस्तीस वर्षांत कान जातो. सततच्या मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटं

दुसऱ्या दिवशी आजीला दौंडला सोडायचं होतं. तिची धाकटी बहीण कुर्डुवाडीला, दुपारी तिचं ऑपरेशन. मावसमामा पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसणार आणि दौंडला साडेसातला आजी त्यांच्या डब्यात चढणार, असा प्लॅन. चौऱ्याऐंशी वर्षांची आजी एकटी जाऊ शकत नाही, म्हणजे हीच गाडी पकडायची. माझी कार? ती भाऊ आदल्या रात्री शिफ्टला घेऊन गेला होता. त्याच्या बाइकची चेन तुटलेली आणि मी मोठ्या मनाने चावी दिली होती. "जीप आहे की," असं मामाच म्हणाले होते.

साडेचारला उठले तेव्हा मोबाइल आठ डिग्री दाखवत होता. पुण्याचा विक्रम १.७ अंशांचा आहे, १७ जानेवारी १९३५ चा. त्यामानाने काहीच नाही म्हणा. पण उसाच्या वस्तीवरचे आठ आणि कोथरूडच्या फ्लॅटमधले आठ यांत फरक असतो, हे माझ्या पायाच्या बोटांना विचारा.

पाच दहाला मामांनी चावी फिरवली.

घ्... र्र... घ्...

आणि शांतता. हेडलाइट पिवळे पडून विझायला आले.

एरवी जीप रात्री उतारावर लावायची ही मामांची पंचवीस वर्षांची सवय. सकाळी ब्रेक सोडायचा, दोन नंबरचा गिअर, क्लच सोडला की चालू. जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाच्या घरासमोर असा एक उतार असतो. पण उसाचा हंगाम चालू. त्या रात्री उतारावर भरलेली ट्रॉली उभी होती आणि जीप सपाटीवर, ओल्या काळ्या मातीत. ढकलायला माणसं कोण? बासष्ट वर्षांचे मामा, मामी आणि मी.

"ऊसतोडवाल्यांना बोलावू का?" मी विचारलं. त्यांच्या शेकोट्या दोन शेतांपलीकडे दिसत होत्या.

"अंधारात उसातून जायचं न्हाय," मामी एकदम म्हणाली. त्यात भाबडी भीती काही नव्हती. याच तालुक्यात, पिंपरखेडला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लहान मुलं गेली. ऊस हे आता बिबट्याचं घर आहे. इथली माणसं संध्याकाळनंतर पोरांना अंगणातसुद्धा एकटं सोडत नाहीत.

म्हणजे जे काही करायचं ते याच बल्बच्या उजेडात.

मी कान, मामा डोकं

मामांनी पुन्हा चावी फिरवली आणि मान तिरकी करून ऐकलं. मग डावा कान पुढे केला. मी बघत होते. त्यांना काहीच कळत नव्हतं. आयुष्यभर ज्या आवाजावरून त्यांनी सगळ्या तालुक्याच्या गाड्या ओळखल्या, तो आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवाज कसा येतोय, सांग बरं पोरी."

"घरघर. दमल्यासारखी."

"नुसतं 'टक्' असं होतंय, का फिरतंय?"

"फिरतंय. पण हळू. आणि लाइट डाऊन होतायत."

"मग बॅटरी न्हाय पुरत." चेहरा थोडा सैल झाला. रोग सापडला की डॉक्टरचा होतो तसा.

इथे थोडं शास्त्र, कारण आपण सगळेच 'गाडीला थंडी वाजली' म्हणतो आणि सोडून देतो. थंडीत तीन गोष्टी एकदम होतात. एक, बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणजे ताकद कमी. दोन, इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणजे फिरवायला ताकद जास्त लागते. (ऑइलच्या डब्यावर २०डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं ना? त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. तो आकडा जितका लहान, तितकं थंडीत ऑइल पातळ.) आणि तीन, डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटेल, हा सगळा खेळ. इंजिनाचं लोखंडच गार असेल तर ते ही ऊब शोषून घेतं. त्यात इंजिन हळू फिरलं तर दाबलेली हवा निसटते. झालं!

म्हणून जुन्या डिझेल जीपमध्ये हीटर असतो. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये एक छोटा हीटर प्लग, चालू करायच्या आधी आतली जागा गरम करणारा. डॅशबोर्डवर जाळीमागे एक वेटोळी तार असते. हीटरचं बटण धरलं की ती लाल होते. लाल झाली की स्टार्टर मारायचा.

बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर. मामीने चुलीवरचं आजीच्या आंघोळीचं गरम पाणी आणि खाण्याचा सोडा आणला. सोडा टाकला, फेस आला, पाणी ओतलं, फडक्याने पुसलं, क्लॅम्प घट्ट केले. आजी स्वेटरवर शाल, शालीवर टोपी अशा थाटात मागच्या सीटवर आधीच बसली होती. "माझ्या आंघोळीच्या पाण्याने जीपची आंघोळ," तिने जाहीर केलं.

पुन्हा चावी.

"आता?"

"जोरात फिरतंय मामा! एकदम मोकळं."

"पेटतंय का पण?"

नव्हतं पेटत.

"मागं जा. धूर बघ. टॉर्च लाव."

मी सायलेन्सरपाशी बसले. "पांढरा धूर. डिझेलचा वास."

"बरं झालं," मामा म्हणाले. मला वाटलं चेष्टा करतायत. पण नाही. धूरच नसता तर डिझेलच पोचत नाही, म्हणजे फिल्टर चोंदलाय किंवा लाइनमध्ये हवा शिरलीय. मग एअर काढत बसा. पांढरा धूर म्हणजे डिझेल जातंय, पण न जळता बाहेर पडतंय. म्हणजे आत ऊब नाही. म्हणजे हीटर. किती साधं, आणि पुण्यात सर्व्हिस सेंटरमध्ये मला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"हीटर लाल झाला का गं?"

मी डॅशबोर्डशी डोळा लावला. वेटोळी तार काळीकुट्ट.

इंजिनाच्या बाजूला चारही हीटर जोडणारी एक पट्टी असते. मामांनी टॉर्चच्या उजेडात बोटाने चाचपत पट्टीला येणारी वायर धरली. ती हातातच आली. नट हादरून हादरून सैल झाला होता आणि खाली गंज. पॉलिश पेपर, पाना, दोन मिनिटं. बोटं गारठल्यामुळे नट एकदा निसटून खाली पडला आणि आम्ही तिघं चिखलात गुडघ्यांवर बसून शोधत होतो, तेव्हा मागून आजी म्हणाली, "किती वाजले?" कोणीच उत्तर दिलं नाही. पावणेसहा झाले होते.

मामांनी बटण धरलं. बोटांवर मोजायला लागले. वीस... एकवीस... मी तारेकडे बघत होते. आधी काळी, मग तपकिरी, मग चुलीतल्या काडीसारखी लाल.

"लाल! मामा, लाल!"

इंजिन एकदा खोकलं, सगळी जीप हादरली, तीन सिलिंडरवर लंगडली आणि मग चौथा पेटला. तो आवाज मामांना ऐकू आला का, मी विचारलं नाही. त्यांचा हात स्टिअरिंगवर होता आणि स्टिअरिंग थरथरत होतं. तेवढं त्यांना पुरेसं असावं.

घोड ओलांडून

इनामगावच्या बाजूने, घोड ओलांडून काष्टी आणि तिथून दौंड. उजाडत होतं. इनामगावला १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या लोकांनी वर्षानुवर्षं उत्खनन केलं. इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव तिथे सापडलं. घरं, धान्याच्या कणग्या, चुली. म्हणजे याच नदीकाठी, याच थंडीत, माणसं तीन हजार वर्षांपूर्वीही पहाटे उठून आधी आग पेटते का ते बघत होती.

जीपमध्ये हीटर (माणसांसाठीचा) नाही. आजीने शालीचं एक टोक माझ्या मांडीवर टाकलं. मामा जोरात बोलत होते, ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसे. "भंगार, भंगार काय म्हणता! पाबळला विज्ञान आश्रमात जाऊन बघ." पाबळ शिरूर तालुक्यातलंच. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, शाळा सुटलेल्या पोरांनी हाताने काम करत शिकावं म्हणून. तिथे जुन्या जीपचे भाग वापरून 'मेकबुल' नावाचा स्वस्तातला छोटा ट्रॅक्टर तयार झाला होता. मामांचा हा आवडता पुरावा.

तेवढ्यात मागून एका पिकअपने हॉर्न दिला. दोनदा, तीनदा. मामा रस्त्याच्या मधोमध. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, डावीकडे बोट दाखवलं. त्यांनी जीप बाजूला घेतली. पिकअप शिव्या देत निघून गेला. त्यानंतर काष्टीपर्यंत कोणीच बोललं नाही.

दौंड जंक्शन

भीमेच्या पुलावरून दौंडमध्ये शिरलो तेव्हा सात दहा. दौंड हे रेल्वेचं गाव. इंग्रज त्याला 'धोंड' लिहायचे. इथून एक लाइन सोलापूरकडे, एक नगरमार्गे मनमाडला. पुण्याहून मनमाडकडे जायचं तर पूर्वी इथे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. कॉर्ड लाइन झाल्यावर तो वेळ वाचला. वाफेच्या दिवसांत गार पडलेलं इंजिन तयार करायचं म्हणजे बॉयलर पेटवून कित्येक तास थांबावं लागायचं. गाडी सकाळची असली तरी कोणीतरी मध्यरात्रीच कोळसा टाकायला उठलेलं असायचं. आमचा पाऊण तास त्यापुढे किरकोळच.

गाडी आली. मावसमामांनी दारातून हात दिला, आजी चढली. खिडकीतून तिने मामांना जवळ बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. मामांनी मान हलवली. गाडी सुटल्यावर मला विचारलं, "काय म्हणाली आई?"

"म्हणाली, कान दाखवून घे. बहिणीचा डोळा असाच अंगावर काढला, आता ऑपरेशनची पाळी आली."

आम्ही चहा घेतला. प्लॅटफॉर्मवर ऊन आलं होतं. मामा कपाकडे बघत म्हणाले, "तुला पोराने सांगितलं असंल."

"हो."

"जीपचं पासिंग मार्चला. दहा हजार. कानाच्या मशीनला किती पडतात?"

मला माहीत नव्हतं. भाऊ म्हणाला होता, तुझं ऐकतील. त्याक्षणी जीप काढा म्हटलं असतं तर कदाचित ऐकलंही असतं. पण पहाटेचा तो लाल झालेला हीटर माझ्या डोळ्यांसमोर होता. मी एवढंच म्हटलं, "आधी कान दाखवू. जीपचं मग ठरवा."

"आन् जाताना कोण चालवणार?"

मी हात पुढे केला. त्यांनी चावी ठेवली. इंजिन अजून गरम होतं, अर्ध्या फेऱ्यात सुरू झालं. मामा डाव्या सीटवर बसले, आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच. वस्तीवर पोचलो तेव्हा ट्रॉली गेली होती. उतार मोकळा. मी जीप उतारावर लावली, दगड चाकाला लावला. मामांनी उतरून तो दगड पायाने अजून आत सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिरूरला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. हीटर मी धरला होता. मोजत मामा होते.

थंडीत गाडी रुसली तर...

* स्टार्टर सलग दहा सेकंदांच्या वर मारू नका. अर्धा मिनिट थांबा, मग पुन्हा. नाहीतर उरलीसुरली बॅटरीही जाईल.
* लाइट, पंखा, म्युझिक सगळं बंद ठेवून चावी फिरवा.
* इंजिन हळू फिरतंय आणि लाइट मंद होतायत? बॅटरी आणि टर्मिनल बघा. जोरात फिरतंय पण पेटत नाही? डिझेल असेल तर हीटर आणि फिल्टर, जुनी पेट्रोल असेल तर चोक आणि प्लग.
* जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचे मालक असाल तर तिरकी करून मग किक मारायचं तुम्हाला सांगायला नकोच. चेतक २०२० मध्ये इलेक्ट्रिक होऊन परत आली, तिला तिरकी करून काही उपयोग नाही!
* टाकीखाली किंवा इंजिनाखाली शेकोटी करू नका, कोणी कितीही अनुभवी सांगितलं तरी. गार इंजिनावर उकळतं पाणीही ओतू नका, लोखंडाला तडा जाऊ शकतो.
* ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही. उगाच मित्रांना दमवू नका.
* आणि घरात कानाने गाडी ओळखणारं कोणी असेल, तर त्यांचे कान वर्षातून एकदा तपासून घ्या.